कात्रीचा हात, डिंकाचा हात

मंगळवार, तारीख १

धाकटे, ही वही तुझ्या हातात पडेल तेव्हा मागची कुठे ठेवलीस ते तुला आठवणार नाही, हे मी आत्ताच लिहून ठेवते. मागच्या वर्षी वही वाचून परत पाठवलीस, तिच्यात तुझा चष्मा निघाला. खूण म्हणून घातलेला! दोन महिने तू घर उलथंपालथं करत होतीस. आपल्या दोघींत शाळेत तू गेलीस, मी नाही. पण अजून तरी मी माझा चष्मा कुठल्या पुस्तकात विसरलेली नाही.

तर सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तू विसरलीच असशील. नातीने ‘कातळ’ घेतलं. कडे चढणाऱ्यांचं तेच मासिक, ज्याच्या बांधणीच्या खोलीत मी तीस वर्षं पानं दुमडली आणि वेष्टनं चिकटवली. चार वर्षं बंद होतं. आता नात आणि तिचा भागीदार असे दोघं मालक आहेत. भागीदार फक्त धंद्यातला की आणखी कशातला, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. त्याला सगळे पाल म्हणतात. भिंत दिसली की चिकटतो.

म्हाताऱ्या संपादकांनी देताना एकच अट घातली. सहा महिन्यांत पहिला अंक टपालात पडला पाहिजे. नाही पडला तर नाव परत त्यांच्याकडे. “नाव कुणाच्या कपाटात कुजायला मी देणार नाही,” म्हणाले. सहा महिने या महिन्याच्या तीस तारखेला संपतात. नातीने नोकरी सोडली आहे. नाव गेलं तर तिच्या हातात लांब टेबल आणि डिंकाचा डबा उरेल.

हे लिहिते आहे सून. माझा मुलगा जहाजावर असतो, म्हणून ती माझ्या ताब्यात. मी बोलते तसं ती लिहीत नाही, धुऊन इस्त्री करून लिहिते, असा मला संशय आहे. एखादं वाक्य फार शहाणं वाटलं तर ते तिचं समज.

शुक्रवार, तारीख ४

आज खोली उघडली. बावीस पायऱ्या, वर लांब टेबल, खिडकीची एक काच फुटलेली. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली जुन्या अंकांची चळत अजून तशीच. दाराजवळ तो खिळाही आहे, मोठा, गंजलेला. नात विचारते, “आजी, हा कशाला गं ठेवलाय?”

लहानपणी याच टेबलाखाली झोपायची आणि आता विचारते. सांगितलं तिला. संपादकांची रीत होती. कुठल्याही कड्याची चढायची-उतरायची वाट छापण्याआधी ते पान कच्चं छापून एकाच्या खिशात द्यायचे आणि कड्यावर पाठवायचे. त्याला आम्ही ‘पान चालवणं’ म्हणायचो. पानावर लिहिलंय तसंच चढायचं, तसंच उतरायचं, आपली अक्कल वापरायची नाही. परत आलेलं पान चिखलाने माखलेलं असायचं. ते या खिळ्याला टोचलं की मगच छापखान्यात फोन.

नात म्हणाली, “यंदा चालवायला वेळ नाही, आजी. पाल तो कडा तीनदा चढलाय.”

तीनदा चढलाय तर ठीकच आहे. मी खिळा पुसून ठेवला.

बुधवार, तारीख ९

पहिल्या अंकात मधोमध मोठं चित्र आहे, तीन घड्या उलगडून बघायचं. कड्याचं नाव म्हातारी. वर टोकदार दगडाचं डोकं आणि दोन्ही बाजूंना दोन खांदे, अगदी जुळे. एका खांद्याशी घळ लागते, तिच्यातून खाली उतरता येतं. दुसऱ्या खांद्यापलीकडे थोडं अंतर जमीन असल्यासारखी वाटते आणि मग काहीच नाही. नुसती हवा. हे मला तीस वर्षांपूर्वीपासून माहीत आहे, कारण म्हातारी आम्ही पूर्वीही एकदा छापली होती आणि तिच्या घड्या मीच घातल्या होत्या.

सुनेचं चार दिवस काहीतरी बिनसलंय. काल नातीचा दोर तिने उन्हात घातला, हातभर हातभर करून चाचपला आणि पुन्हा गुंडाळला. मग तोच पुन्हा उलगडला. मला वाटतं, मी तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं त्याचा राग आहे. वरण पातळ होतं, मी काय करू!

शनिवार, तारीख १२

चित्र भिंतीवर लावलंय. मांडणी करणारी मुलगी नातीची मैत्रीण आहे. फार हुशार, डोंगर मात्र फक्त पडद्यावर पाहिलेला. ती म्हणाली, “चित्रातला चढणारा माणूस पानाबाहेर बघत होता. वाचणाऱ्याचं लक्ष बाहेर जातं. म्हणून मी फिरवून घेतलं, आता आत बघतो.” नात म्हणाली, “छान दिसतंय.” काय फिरवलं कोण जाणे. यांच्या कामातलं मला कळत नाही.

पण धाकटे, म्हातारी मला ओळखू येईना. म्हणजे आहे तीच, पण रोज एका बाजूला भांग पाडणाऱ्या बाईने अचानक दुसरीकडे पाडावा ना, तसं काहीतरी. तिच्या एका खांद्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा ओघळ आहे, तो मला भलत्याच ठिकाणी वाटला. मग आठवलं, माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय. दोन डोळ्यांना दोन जगं दिसतात. बोलले नाही. म्हातारी म्हातारीला नावं ठेवते, असं म्हणाले असते.

गुरुवार, तारीख १७

पाल जुन्या गिर्यारोहकांची छायाचित्रं गोळा करत गावोगाव फिरतोय. नात एकटी सगळं तपासते. आज मोठ्या खुशीत जेवायला आली. “आजी, थोडक्यात वाचले! पालने मजकुरात ‘उजव्या खांद्याने उतरा’ लिहिलं होतं आणि चित्रात उतरायची तांबडी रेघ डाव्या खांद्यावरून जाते. सगळीकडे ‘डाव्या’ करून टाकलं. तसंच छापलं गेलं असतं तर?”

नजर कशी आहे बघ पोरीची. मी तिची पाठ थोपटली. सुनेलाही म्हटलं, तुझी लेक तुझ्यावर गेली नाही हे बरं. हे वाक्य ती लिहिते की गाळते ते बघू.

सोमवार, तारीख २१

अंक आले. अठराशे. नव्या शाईचा वास जिन्यापर्यंत. चाळीस अंकांचा एक गठ्ठा एका गिर्यारोहण मंडळाचा माणूस छापखान्यातूनच घेऊन गेला, त्यांनी आधीच मागितला होता. त्यांची माणसं या रविवारी म्हातारीवरच जाणार आहेत, ‘कातळ’ हातात घेऊन. नात दिवसभर हे ज्याला त्याला सांगत होती.

मधल्या चित्राच्या घड्या यंत्राने नीट पडत नाहीत. हातानेच घालायच्या. कोण घालणार? जिला वाचता येत नाही ती.

शुक्रवार, तारीख २५

सून, आज माझं बोलणं आवरू नकोस. जसं आहे तसं लिही.

दुपारी घड्या घालत होते. आमच्या खोलीत डावं-उजवं कधीच नव्हतं. कात्रीचा हात आणि डिंकाचा हात. कात्री धरायची तो एक, डिंकाचा कुंचला धरायचा तो दुसरा. मी हाताखालच्यांना सगळं असंच शिकवलंय, आणि चित्रांच्या घड्याही अशाच लक्षात ठेवल्यात. म्हातारीचा पांढरा ओघळ डिंकाच्या हाताला, म्हणून पहिली घडी त्या बाजूने, म्हणजे ओघळावर चूण पडत नाही. हात आपोआप तिकडे गेला. तिकडे ओघळ नाही! ओघळ कात्रीच्या हाताला.

दोनशे घड्या घातल्या आणि दोनशे वेळा हात चुकला. डोळा चुकेल गं, डोळ्याचं ऑपरेशन होतं. हाताचं नाही झालेलं.

मग मी टेबलाच्या आखूड पायाखालची चळत ओढली. टेबल कलंडलं, डिंक सांडला, नात ओरडली. तळाशी तो जुना अंक होता. उंदरांनी कडा खाल्लेल्या, पण म्हातारी शाबूत. दोन्ही शेजारी ठेवल्या.

“हे बघ. ही म्हातारी आणि ही आरशातली म्हातारी.”

“आजी, जुना उलटा छापला असेल.”

पाल तेवढ्यात फिरून आला होता. त्याने भिंग घेतलं. चित्रातल्या माणसाच्या पिशवीवर अक्षरं आहेत, तांदळाएवढी. तो तिथे वाकला आणि वर आलाच नाही. मग म्हणाला, “उलटी आहेत.”

मी कितीतरी वेळा ती पिशवी पाहिली होती. पण मला अक्षरं सुलटी काय, उलटी काय, सारखीच. आणि ज्यांना वाचता येतं त्यांनी डोंगराकडे पाहिलं नाही.

नात खाली बसली. “मी मजकूर बदलला. पालने बरोबर लिहिलं होतं. मी बदलला.” तीनदा म्हणाली.

मंडळाला फोन केला, उरलेले अंक परत मागवले. पाच जण आज सकाळीच निघाले. एक दिवस गाडीचा, अर्धा दिवस पायी. तिकडे फोन लागत नाही. शनिवारी पायथ्याशी मुक्काम, रविवारी चढाई. त्यांच्यातल्या चौघांनी म्हातारी कधी पाहिलेलीसुद्धा नाही.

नात आणि पाल ऊन उतरायच्या आत निघाले. सुनेने भाकरतुकडा बांधून दिला आणि दोर स्वतः गाडीत ठेवला. लेकीला एवढंच म्हणाली, “गाठ बघून मार.”

शनिवार, तारीख २६

काही नाही. घड्या थांबवल्या आहेत. सून तेच तेच ताट घासते आहे.

रविवार, तारीख २७

सकाळ. खिडकीतून इथलं आकाश स्वच्छ दिसतं. तिथलं कसं असेल ते इथून कळत नाही. सुनेला म्हटलं, चल, वही लिहू, वेळ जाईल. म्हणाली, “काय लिहू, आई? घडलंच नाही काही.”

दुपार. मी म्हटलं, ती घळीने वर जाईल, ती वाट चांगली आहे. सून म्हणाली, “तुम्हाला कसं माहीत? तुम्ही कधी गेलात?” नाही गेले. कागदावरच गेले, तीस वर्षं.

ती दर ओळीला उठून दारात जाऊन येते, म्हणून अक्षर बिघडलं असेल. समजून घे. पातळ वरणाचा विषय मी मागे घेतला आहे. आज उगाच माणूस नाराज नको.

(आई डोळे मिटून बसल्या आहेत. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. माझा राग वरणाचा नव्हता. पोटच्या पोरीला दोर बांधून पाठवणारी आई कशी झोपते, हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं. — सून)

सोमवार, तारीख २८

फोन आला! आधी पाच जण कसे आहेत ते सांग, मग बाकीचं, असं मी नातीला बजावलं. पाचही जिवंत! तिने त्याच क्रमाने सांगितलं.

वर धुकं होतं. नात आणि पाल उतरायच्या घळीने उलटे वर चढले. माथ्यावर पोचले तर दोन हातांपलीकडचं दिसेना. हाका मारल्या. उत्तर आलं ते चुकीच्या खांद्याकडून. त्या पाच जणांनी दगडाला दोर बांधून एका मुलीला खाली सोडलं होतं. ती दोराच्या टोकाला लोंबकळत होती आणि खाली जमीन येतच नव्हती. सगळ्यांनी मिळून तिला ओढून घेतलं. मनगट मोडलंय, खांदा निखळलाय. तिला खाली आणेपर्यंत अंधारलं.

त्यांचा म्होरक्या नातीला म्हणाला, “आम्हाला शंका आली होती. पण ‘कातळ’मध्ये छापलंय म्हणजे बरोबरच असणार.”

हे सांगताना नात रडली. त्याआधी नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाली.

मी म्हटलं, आता ये. म्हणाली, “नाही. उद्या येते. नवं पान पालने हाताने काढलंय. आज ते चालवते. चालवल्याशिवाय दुरुस्तीसुद्धा छापणार नाही.”

“अगं, तीस तारीख!”

“माहितीये, आजी.”

फोन ठेवल्यावर सून पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली.

बुधवार, तारीख ३०

धाकटे, आज मी नातीशी भांडले आणि अजून मला वाटतं की माझंच बरोबर होतं.

काल ती आली. दुरुस्तीचं चित्र आज छापायला गेलंय. ते प्रत्येक अंकात जुन्या चित्रावर चिकटवायचं. ते हातात यायला उद्या उजाडेल. पाल म्हणाला, “आत्ता शंभर अंक आहेत तसे टपालात टाकू. आपल्याच ओळखीच्यांना. फोन करून सांगू, उघडू नका म्हणून. तारखेचा शिक्का तर पडेल. नाव वाचेल.”

मला पटलं. मी तर कुंचला भिजवलासुद्धा. आपल्याच घरी टाका, म्हटलं, धाकटीला दहा पाठवा, ती कुठे ठेवले तेच विसरेल.

नात म्हणाली, “एकही नाही.”

“अगं, नाव जाईल.”

“जाऊ दे.”

“नोकरी सोडलीस तू याच्यासाठी!”

“आजी, ते अंक कुणाच्या घरी दहा वर्षं पडून राहतील, आणि मग एक दिवस कुणीतरी खिशात घालून निघेल. जुना अंक टेबलाखालून निघालाच ना?”

पाल एवढ्या मोठ्याने बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो जिन्यावर जाऊन बसला. नात गठ्ठ्यांवर बसली, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. टपाल कचेरी बंद व्हायची वेळ झाली, टळली. आम्ही चौघं नुसते घड्याळाकडे बघत होतो. मग तिने संपादकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मजकूर बदलला तेसुद्धा. पलीकडून काय आलं ते कळलं नाही. फोन लगेच ठेवला गेला.

शुक्रवार, तारीख २

काल सकाळी चित्रं आली. तेव्हापासून चिकटवतोय. चित्राखाली नातीने चार ओळी छापल्यात. सुनेने वाचून दाखवल्या. मजकुरात ‘डाव्या’ आहे तिथे ‘उजव्या’ वाचा, आणि चूक कुणाची तेही स्पष्ट लिहिलंय, स्वतःची. मांडणीवालीचं नावही घेतलेलं नाही, ती बिचारी कोपऱ्यात बसून रडत रडत चिकटवते आहे.

दुपारी जिन्यावर काठी वाजली. बावीस पायऱ्या, मध्ये तीन वेळा थांबून. संपादक. नाव न्यायला आले.

सरळ टेबलाशी आले. नातीने खिशातून पान काढून समोर धरलं. चिखलाने घट्ट झालेलं, एका कोपऱ्यावर तपकिरी डाग. तो चिखलाचा नव्हता, नातीच्या सोललेल्या बोटाचा होता. त्यांनी ते उलगडलं, डोळ्याजवळ नेलं, वास घेतला. मग विचारलं, “तीस तारखेला टपालात काही पडलं?”

“नाही.”

“शंभर तरी टाकता आले असते.”

“आले असते.”

“मग?”

“चुकीचे होते.”

ते दाराजवळ गेले. पान खिळ्याला टोचायला हात पोचेना, तर पालने त्यांचा हात धरून वर नेला. मग येऊन माझ्या शेजारी बसले आणि कुंचला उचलला.

“बाई, डिंक फार पातळ आहे.”

“तुमच्या वेळेपासून तसाच आहे.”

अंधार पडायच्या आधी त्यांनी सत्तर चित्रं चिकटवली, त्यातली दहा वाकडी. जाताना मी जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, नावाचं काय करायचं. म्हणाले, “कुठलं नाव?”

धाकटे, पार विसरले बघ! वय झालं. मी आठवण करून दिली नाही. तू असतीस तर तूही विसरली असतीस, म्हणून पहिल्यांदाच तुझ्या विसराळूपणाबद्दल मला बरं वाटलं. नातीला सांगितलं तर ती माझ्या गळ्यात पडून हसायला लागली. हसण्यासारखं काय आहे ते कुणी सांगत नाही.

उद्या अठराशे अंक टपालात. दुसऱ्या अंकात नदीकाठचा कडा आहे, त्याचं पान पुढच्या महिन्यात चालवायचं. नात, पाल, आणि ऐक, सून! पायथ्यापर्यंत नाही, वरपर्यंत. काल रात्री दोराची गाठ शिकून घेतली. विचारलं, तुला गं कशाला हौस? तर म्हणाली, “घरी बसण्यापेक्षा बरं.” मोकळी हवा हवी असेल.

तर ही वही घेऊन येणाऱ्याच्याच हाती खाऊ पाठव. तुझ्या झाडाची सुकवलेली अंजिरं, भाजलेले दाणे, आणि जाड कडक पाव, खिशात चुरा होणार नाही असा. बिस्किटं नकोत, मागच्या खेपेला नुसती भुकटी आली. तिघांना दोन दिवस पुरेल एवढं. आणि चौथ्या माणसासाठी थोडं मऊ काहीतरी वेगळं बांध, त्याला दात नाहीत. ती मीच, पायथ्याशी सतरंजी घालून बसणार आहे, चालवलेलं पान हातात घ्यायला.